ट्रॉलीला ब्रेक कधी?

कापूस वेचणी सुरू झाली की चोपडा-धरणगाव रस्त्यावर रात्री गाडी चालवायची म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. रस्ता मोकळा वाटतो आणि एकदम हेडलाइटमध्ये कापसाची ट्रॉली. दोन्ही अंगांनी बाहेर फुगलेली, वर बारदान, मागे दिवा नाही, रेडियमची पट्टीसुद्धा नाही.

आणि याच जळगाव जिल्ह्यात भुसावळ आहे, रेल्वेचं मोठं जंक्शन! यार्डात उभ्या मालगाडीच्या दोन वाघिणींमधला रबरी पाइप कधी नीट बघा. इंजिनापासून शेवटपर्यंत त्यात चौरस सेंटिमीटरला 5 किलोच्या दाबाने हवा भरलेली असते. वाघिणी जोडणारं कपलिंग तुटलं, पाइप निसटला, की हवा जाते आणि प्रत्येक वाघीण स्वतःच्या टाकीतल्या हवेवर आपला ब्रेक आपण लावते. अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या 1869 च्या पहिल्या एअर ब्रेकमध्ये ही सोय नव्हती; पाइप फुटला की ब्रेकच गेला. 1872 मध्ये त्याने गणित उलटं मांडलं: दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की लागलेला. मला तर हा शोध खुद्द इंजिनाच्या तोडीचा वाटतो.

तरी 12 जून 1889 ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीची गाडी चढावर अडकली. पुढचे काही डबे आधी न्यायचे म्हणून गाडी मधून सोडवली. ब्रेक साध्या व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाने पाइपातली हवा ओढली तरच लागणारा; डबे सुटताच तो निकामी. मागचे डबे उतारावरून घसरत दुसऱ्या गाडीवर आदळले. 80 च्या आसपास माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक कायद्याने सक्तीचा झाला. उपाय 17 वर्षं तयार होता!

आपल्याकडच्या किती ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक आहे? सगळा भार ट्रॅक्टरला जोडणाऱ्या एका पिनवर.

शेतकऱ्यावर खर्च कशाला, असं म्हणतात. ब्रेकचा खर्च ट्रॉली बनवणाऱ्यावर टाका, ब्रेकशिवाय ती विकूच देऊ नका. रेडियमला ना वायर लागते ना बॅटरी, येणाऱ्याचाच उजेड त्याच्याकडे परत जातो. इंग्लंडच्या पर्सी शॉने 1934 मध्ये रस्त्यात बसवायचे चमकते कॅट्स आय याच तत्त्वावर केले.

जिनिंगवाल्यांनो, बाजार समित्यांनो, यंदा मागे रेडियम नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नका. पट्टीचं बंडल गेटवरच ठेवा, तिथेच चिकटवा, मग वजन करा.