‘पोरं हसतायत ना, मग दवाखाना कशाला?’

नमस्कार,

अपघातानंतर गाडीतल्या मुलांचं काय करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच सुनावलंत. पोर हसतंय-खेळतंय तर दवाखाना कशाला, १०८ची वाट बघणं हा पुस्तकी शहाणपणा, आणि ठोकर बसलेली मुलांची कार सीट (गाडीत पोराला बांधून बसवायची वेगळी खुर्ची) बदला म्हणणं हा पैशाचा माज, असं तुमचं म्हणणं.

१०८चं आधी घेतो, कारण तिथे आपलं बरंचसं जमतं. गाडीतून धूर येतोय, गाडी पाण्यात गेलीय किंवा एक्स्प्रेसवेच्या चालू लेनमध्ये आडवी उभी आहे आणि मागून कंटेनर येतायत, तर मान-पाठ बघत बसायचंच नाही. पोर उचलायचं आणि कठड्यापलीकडे जायचं. पण असा धोका नसेल, आणि मूल मान दुखतेय म्हणत असेल, हातापायांना मुंग्या आल्या असतील किंवा नीट शुद्धीवर नसेल, तर त्याला बखोटीला धरून ओढू नका. १०८ किंवा ११२ लावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. थांबलेली माणसं पोलिसांच्या भानगडीला घाबरतात हे खरंच. पण मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं १३४अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याच्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. हे तिथल्या तिथे मोठ्याने सांगा, लोक पुढे येतात.

हसऱ्या पोराबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. आत रक्तस्राव चालू असला तरी मुलाचं शरीर ठोके वाढवून, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतं. म्हणून ते ठीक दिसतं, आणि बिघडतं तेव्हा एकदम बिघडतं.

सदरा वर करून पोट बघा, एवढं तरी कराच. मोठ्यांसाठीचा सीट बेल्टचा पट्टा मोठ्यांच्या कमरेच्या हाडावर बसतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तो सरकून थेट बेंबीवर येतो. जोरात ब्रेक लागला की पोर त्या पट्ट्यावर घडी पडल्यासारखं वाकतं आणि आतडी पट्टा नि मणक्याच्या मध्ये चेपतात. बाहेर दिसतो तो फक्त आडवा लालसर-निळा पट्टा, कधी नुसतं खरचटल्यासारखा. दुखणं काही तासांनी सुरू होऊ शकतं. रात्री पोर ‘पोटात दुखतंय’ म्हणतं आणि आपण बेंबीला हिंग लावून झोपवतो! असा वळ दिसला तर मूल नाचत असलं तरी त्याच दिवशी, मुलांचे सर्जन असलेल्या रुग्णालयात दाखवा. आणि डॉक्टरांनी तपासेपर्यंत पाणी, बिस्किट काही नको. ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं हवं.

डोक्याला मार असेल तर पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवा: पुन्हा पुन्हा उलटी, उठवूनही न उठणं, फिट, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, तान्हं बाळ कशानेच शांत न होणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच निघायचं.

खर्चाचं म्हणाल, तर मे २०२५पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. काउंटरवर आपणहून विचारा.

राहिली सीट. किरकोळ ठोकरीनंतर बदलायची गरज नाही, असं अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्थाही सांगते. पण किरकोळ कशाला म्हणायचं? गाडी स्वतः चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत आहे, कुणालाही इजा नाही, एअरबॅग उघडली नाही आणि सीटवर तडा नाही. हे सगळंच्या सगळं जमलं तर ठेवा. एक जरी हुकलं, तर सीट गेली. भंगारात देताना तिचे पट्टे कापून द्या, नाहीतर तीच सीट धुऊनपुसून जुन्या मालात कुणा दुसऱ्याच्या बाळासाठी विकली जाते.