पेंग्विनचा बाबा आणि आमच्या घरचा

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत आणि आमच्या लेकीला त्या सगळ्या झोपायच्या आधी हव्या असतात. दुकानदाराने ‘यात सगळं आलं’ म्हणत एक चकचकीत तक्ता माझ्या गळ्यात मारला. त्यात शहामृग आणि हमिंगबर्ड शेजारी शेजारी, एकाच मापाच्या चौकोनात. एक नऊ फुटांपर्यंत उंच होतो, तर क्युबातल्या चिमुकल्या हमिंगबर्डचं वजन जेमतेम दोन ग्रॅम. पण छापील पुराव्यापुढे बापाचं काय चालणार? लेकीने गॅलरीच्या कठड्यावर शहामृगासाठी बाजरी पसरली. ती कबुतरांनी खाल्ली आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझा जाहीर सत्कार झाला.

आपल्याला वाटतं, मुलांना नावं शिकवावीत. मुलांना नावांशी काही देणंघेणं नसतं. लेकीचे प्रश्न दोनच: तो शी कुठे करतो आणि त्याचा बाबा काय करतो? पहिल्याचं उत्तर रोज सकाळी गाडीच्या काचेवर तयार असतं. दुसऱ्याने मात्र घात केला.

एम्परर पेंग्विनचा बाबा अंटार्क्टिकाच्या थंडीत दोनेक महिने अंडं पायांवर घेऊन उभा राहतो, तेही उपाशी. मी हे कौतुकाने सांगत होतो. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

‘‘परत सांग रे. उपाशी?’’

धनेशाने तर उरलीसुरली घालवली. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवत राहतो, आठवडेच्या आठवडे. आमच्याकडे स्वतःचा कप सिंकपर्यंत न्यायचे वांधे! ‘‘बाबा, तूपण आईला फटीतून दे ना,’’ लेक म्हणाली. बायकोने तत्परतेने बेडरूमचं दार लोटून घेतलं, फटीपुरतं ठेवून.

म्हटलं, आपली बाजू सावरणारा कुणीतरी शोधावा. कोकीळ! कुहूकुहू करणारा नर, आणि अंडं कावळ्याच्या घरट्यात. पुढे नराला ना अंडं उबवायचं, ना कुणाला भरवायचं.

लेकीने विचार केला. ‘‘म्हणजे आई-बाबा ऑफिसला आणि पिल्लू आजीकडे?’’

आजीने पेपर खाली केला. ‘‘त्या कावळीला निदान माहीत तरी नसतं गं.’’

उद्या रोहित पक्ष्याची पाळी आहे. त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, ही माहिती गाळायची असं आम्हा तिघांत एकमताने ठरलंय. पालकाची भाजी आत्ता कुठे पोटात जायला लागलीय.