कुठे?

आज संध्याकाळी माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आणि तेव्हापासून मी स्वतःवरच भडकले आहे. कुकर लावलाय. शिट्ट्या होईस्तोवर लिहून टाकते.

भायखळ्याला कल्याण फास्ट पकडली. लेडीज डबा. खिडकीत एक पोरगी, मांडीवर फुगलेली बॅग, पायाशी पिठाचा डबा. सवयीनं हनुवटी उचलून विचारलं, "कुठे?" पोरगी केवढी खूश झाली! "उदगीर. म्हणजे आमचं गाव थोडं आत आहे ताई, आता मावशीकडं चाललेय..." आणि मी म्हणाले, "ते नाही गं. उतरणार कुठे?"

आजूबाजूच्या हसल्या. मीही हसले.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईत आले, त्याच आठवड्यात लोकलमध्ये एका काकूंनी मला विचारलं होतं, "कुठे?" मी सगळं सांगितलं. सेलू, परभणी जिल्हा. वडील जिनिंगमध्ये हिशेब बघतात, आजोळ मानवत. आणि काकू, तुमचं? आमच्याकडं असंच असतं हो. "कुठली गं तू?" पाठोपाठ "कुणाची?" येतं आणि चौथ्या प्रश्नाला समोरची आपल्या मामीची चुलतबहीण निघते. काकूंनी आजोळापर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उतरणार कुठे?" सीट कधी रिकामी होणार, एवढंच त्यांना हवं होतं. डबा खो-खो हसला. मी त्या दिवशी घरी येऊन रडले होते. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणारी मी!

1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली. 14 डबे, 400 पाहुणे, सगळे ठाण्याला जाणार. तरी मला खात्री आहे, मशीद बंदराच्या आसपास कुणीतरी शेजारच्याला विचारलंच असेल, "कुठे?"

मुंबई शिकणं म्हणजे असलं काय काय शिकणं. इथे अंतर किलोमीटरमध्ये नसतं, मिनिटांत असतं, आणि ती मिनिटं एजंटची असतात. "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणून दाखवलेल्या खोलीला मला सतरा लागतात, तेही रिकाम्या हातानं. उतरायचं असेल तर आधीच्या स्टेशनालाच उठायचं. आपलं स्टेशन आल्यावर उठणारी बाई पुढच्या स्टेशनावर उतरते. डोंबिवलीच्या बायका सकाळी सीटसाठी आधी उलट्या कल्याणला जातात, हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुला बरं नाही का?" दादरला मध्य रेल्वेचे फलाट आता 8 पासून सुरू होतात. म्हणे गोंधळ होऊ नये म्हणून! माझा जुना गोंधळ मी मोठ्या कष्टानं पाठ केला होता.

बरं, मान्य. त्या गर्दीत कुणाचं आजोळ विचारत बसलं तर मुलुंडपर्यंत एकही सीट ठरायची नाही. आणि रात्री साडेदहाला मी एकटी घरी येते, सेलूत नऊनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी भावाला सोबत घ्यावं लागायचं. नळालाही रोज पाणी येतं. झालं? पुढे.

मला राग कशाचा येतो सांगू? ऑफिसात माझं मराठवाडी "जायलो", "करायलो" ऐकलं की फिदीफिदी हसणाऱ्यांचा. तुमचे आजोबा काय फलाटावर जन्मले होते? रत्नागिरीहून, साताऱ्याहून गिरणीत आलेच ना, एका खोलीत दहा-पंधराजण राहिलेच ना? त्यांच्या बोलण्यालाही कुणीतरी हसलंच असणार. आणि तुम्ही आता "आम्ही ओरिजिनल मुंबईकर" म्हणून मिरवता. शरम!

हे लिहिता लिहिता आठवलं, आज पहिली मीच हसले.

असो. कुर्ला गेलं. पोरगी गप्प, खिडकीबाहेर बघत बसलेली. मला पंधरा महिन्यांपूर्वीची मीच दिसायला लागले. शेवटी मीच विचारलं, "उदगीरमध्ये कुठं?" तर बया अशी सुटली की थांबेचना. गाव, शेत, डीएड झालेली मोठी बहीण, पिठाच्या डब्यात वर ज्वारीचं पीठ आणि आत पिशवीत बांधून शेंगदाण्याची चटणी. घाटकोपर गेलं तरी ही बसलेलीच! "अगं, मावशी कुठं राहते?" "ठाण्याला." "मग ऊठ की बाई!"

तिच्या सीटवर माझा नंबर होता. रीतसर विचारून लावलेला. पण बॅग तिच्या हातात आणि डबा माझ्या कमरेवर घेऊन आम्ही दाराकडं निघालो, तेवढ्यात मागं कुणीतरी टेकलीसुद्धा. ठाण्याला चढणाऱ्यांचा लोंढा आत घुसला. मी घसा फोडून ओरडले, "उतरू द्या, आधी उतरू द्या!", पोरीला पाठीत धक्का दिला, मागून डबा तिच्या हातात कोंबला.

उतरली. फलाटावरून वळून, ओढणी सावरत, गाडी हलता हलता तिनं विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

मी ओरडले, "डोंबिवली!"