एस्ट्रोजेन आणि मायक्रोग्लिया: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मायक्रोग्लियांचा, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशींचा, दाह आवरतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: 'बशीतल्या पेशींवरून माणसाबद्दल बोलू नका. 2003 च्या चाचणीत संप्रेरकं घेणाऱ्या बायकांत डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण दुप्पट निघालं. अर्धवट वाचून लोकांना गोळ्या घ्यायला लावू नका.'

गोळ्या घ्या असं मी कुठे लिहिलंय? ते वाक्य दाखवा. मतभेद खुशाल असू द्या, पण मी न बोललेलं माझ्या तोंडी घालू नका.

आणि 'अर्धवट वाचून'? हे मी नुसतं वाचलेलं नाही. याच पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जिवाणूंच्या आवरणातलं, दाह चेतवणारं एलपीएस घातलं की फांद्या पसरून बसलेली मायक्रोग्लिया त्या आत ओढून घेते, गोल आणि फुगीर होते, नायट्रिक ऑक्साइड हे दाहाचं रसायन सोडू लागते. वरचं द्रव काढून त्यात ते ओळखायचा ग्रीस अभिकर्मक टाकला की रंग गर्द गुलाबी येतो. आधी एस्ट्राडायोल (एस्ट्रोजेनचाच एक प्रकार) दिलेल्या पेशींचा बशीतला खळगा शेजारीच फिकट राहतो. हा फरक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी हरखून गेलेय. तो का पडतो हेही लेखात होतं: एस्ट्रोजेन आपल्या ग्राहीला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, चिकटलं की एनएफ-कप्पा-बी या दाह चालू करणाऱ्या प्रथिनाचा केंद्रकात शिरकाव रोखला जातो, आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-1 बीटा ही दाहक रसायनं कमी तयार होतात. तो परिच्छेद तुम्ही वाचलात का, हे आता मला विचारावंसं वाटतं.

एक मान्य. बशीतली मात्रा बरेचदा रक्तातल्या पातळीपेक्षा जास्त असते, हे लेखात यायला हवं होतं. तसं वाक्य जोडलं आहे.

2003 चं म्हणाल, तर त्या बायका 65 किंवा त्याहून जास्त वयाच्या होत्या, पाळी थांबून बरीच वर्षं झालेल्या. त्यांना दिलं होतं ते गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं एस्ट्रोजेन, सोबत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे दुसरं, कृत्रिम संप्रेरक. त्यात मायक्रोग्लिया कोणी तपासल्या नव्हत्या. तो विषय वेगळा, इथे त्यात शिरत नाही.

तुमचं शिक्षण काय, अनुभव किती, हे मला माहीत नाही, म्हणून मी त्यावर एक अक्षर बोललेली नाही. तुम्हीही बोलायला नको होतं. ग्राहींबद्दल किंवा मात्रेबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा, उत्तर देईन. पुन्हा माझ्या वाचनाचं माप काढणार असाल तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.