काका, तुम्ही ऑप्शनल नाही

रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. पेपरवाल्याचं बिल असेल म्हणून मी सुट्टे पैसे घेऊनच दार उघडलं, तर समोर २०१ चे काका. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर.

"हे काय आहे?"

स्क्रीनवर सोसायटीचं ॲप होतं, आणि त्यात मी हौसेने हिरव्या रंगात लिहिलेलं स्वागत. 'नमस्कार, ऑप्शनल', मग कंस, आणि कंसात अवतरणचिन्हांच्या पहाऱ्यात काकांचं आडनाव. (ते सांगत नाही. आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास अजून व्हायचाय.)

"ठाण्यात, या पाचपाखाडीत मी १९८८ पासून राहतोय. ही टाकी बांधली तेव्हा तिच्यात पहिली बादली मी ओतली. आणि मी ऑप्शनल?"

इथे थोडी काकांची बाजू घेतो. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, हे त्यांना पाठ आहे. उरलेल्या ४९ टक्क्यांचं पुढे काय होतं, हे कोणी नीट सांगत नाही. त्यात परवाच बिल्डरचा माणूस सभासदांची यादी घेऊन गेला होता. अशा दिवसांत सोसायटीच्याच ॲपने तुम्हाला ऑप्शनल म्हटलं, तर माणूस सकाळी सातला बेल वाजवणारच.

ॲप मी फुकट करून दिलंय. डॉक्टर शेजाऱ्याला निदान "दवाखान्यात या" म्हणू शकतो. सॉफ्टवेअरवाल्याला ती सोय नाही. चोवीस फ्लॅटांपैकी नऊ घरांत आयफोन आहेत, बहुतेक परदेशातल्या मुलांनी वापरून पाठवलेले. त्या नऊ घरांसाठी मी स्विफ्ट भाषेत हे ॲप लिहिलं. ॲपलने ही भाषा २०१४ साली जाहीर केली, आणि तिचा स्वभाव आमच्या आजीसारखा आहे. कुठलीही वस्तू असेलच असं ती गृहीत धरत नाही. जी असेल किंवा नसेल, ती डब्यात घालून देते. डब्याचं नाव ऑप्शनल. आत वस्तू असेल, नाहीतर निल, म्हणजे काहीच नाही. डबा उघडून बघायचा आणि मगच वाढायचं. मी डबा न उघडताच ताटात ठेवला होता.

हे मी काकांना समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आत मी आहे की नाही, हे तुला नक्की ठाऊक नाही."

"मला आहे काका, कॉम्प्युटरला नाही."

"मग त्याला सांग की."

खरं तर त्यानेच मला सांगितलं होतं. कोड लिहितानाच पिवळ्या पट्टीत सूचना आली होती, की बाबा रे, हा आख्खा डबा छापला जाईल, मुद्दाम करतोयस ना? पण असल्या पिवळ्या सूचना माझ्याकडे साठेक पडून होत्या. जिन्यातल्या 'येथे चपला काढू नयेत' या पाटीला बिल्डिंग जेवढा मान देते, तेवढाच मी त्यांना देतो.

काकांना सोमवारपर्यंत दुरुस्तीचं वचन दिलं आणि सगळ्यात सोपा उपाय केला. नावापुढे उद्गारचिन्ह टाकलं. स्विफ्टमध्ये उद्गारचिन्हाचा अर्थ, "आत वस्तू आहेच, मी सांगतो ना, फोड डबा!" नऊच्या नऊ घरांत आडनावं कंसातून सुटली. बुधवारी कमिटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी सगळ्या सभासदांची यादी उघडली. ३०३ पर्यंत ठीक चाललं आणि ३०४ आला तसं ॲप जागच्या जागी बंद पडलं. ३०४ ला वर्षानुवर्षं कुलूप आहे, आणि मालकाच्या नावाचा रकाना कोरा. ॲप का बंद पडलं याच्या नोंदीत लिहिलेलं होतं की ऑप्शनल उघडताना 'अनपेक्षितपणे' निल सापडलं. अनपेक्षित कोणाला? ३०४ मध्ये कोणी नाही हे वॉचमनपासून कबुतरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

या 'काहीच नाही'चा त्रास जुना आहे. टोनी होर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी नल, म्हणजे हेच 'काहीच नाही', ही कल्पना काढली, करायला सोपी होती म्हणून. २००९ साली त्यांनी जाहीरपणे तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माझी चूक तेवढी महाग नव्हती. माझी गाठ खजिनदार काकूंशी पडली इतकंच.

त्याचं असं झालं की उद्गारचिन्हाची धास्ती बसल्यावर मी दोन प्रश्नचिन्हांकडे वळलो. म्हणजे डबा रिकामा निघाला, तर त्याऐवजी हे घ्या. नाव नसेल तर 'रहिवासी'. आणि त्याच झटक्यात, थकबाकी नसेल तर शून्य. दुसऱ्या दिवशी नऊपैकी सात घरांची थकबाकी शून्य दिसू लागली. व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या खुणांचा पूर आला. तासाभरात काकू रजिस्टर घेऊन दारात.

"शून्य म्हणजे भरलेत. रेघ म्हणजे भरणार नाहीत. कोरं म्हणजे मी अजून लिहिलेलं नाही. आणि पेन्सिलीने 'बघू' लिहिलंय, ते सेक्रेटरींचं. तू या सगळ्याचं शून्य केलंस?"

भाषा बनवणाऱ्यांनी काकूंचं रजिस्टर आधी बघायला हवं होतं.

पण सात घरांचे आकडे गेले कुठे? काकूंच्या फाइलीत ते दिसत तर होते. रकमा अक्षरांच्या रूपात होत्या, आणि पहिल्या प्रयत्नात मी स्विफ्टचा 'ॲज' हा शब्द लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकलं होतं, म्हणजे याला संख्याच समज. ॲप पुन्हा कोसळलं. 'ॲज' काही बदलत नाही, तो फक्त विचारतो. गेटवर वॉचमनने "तुम्ही इथले का?" विचारलं म्हणून पाहुणा इथला होत नाही. 'ॲज'पुढे प्रश्नचिन्हही लावता येतं. प्रश्नचिन्हवाला वॉचमन पाहुण्याला परत पाठवतो; उद्गारचिन्हवाला आख्ख्या सोसायटीची वीज बंद करतो. मग मी अक्षरांतून रीतसर संख्या बनवायला घेतली, तर निल. कारण काकू मोबाइलवर मराठी कीबोर्ड वापरतात. त्यांनी लिहिलं होतं २,८५०. स्विफ्टचं हे रूपांतर फक्त इंग्रजी आकडे ओळखतं, स्वल्पविरामही चालत नाही, मागे एक मोकळी जागा राहिली तरी हात वर. जी दोन घरं वाचली, त्यांचे आकडे काकूंच्या नातवाने भरले होते.

"काकू, इंग्रजी आकडे टाकाल का?"

"का? पैसे मराठीत भरलेले चालत नाहीत?"

गप्प बसलो. मग एकेक अक्षर घेऊन त्याची किंमत विचारणारी एक सोय सापडली. तिला ८ कळतो. अर्थात उत्तर तीही डब्यात घालूनच देते. रात्री दीडपर्यंत मी डबे उघडत बसलो होतो. एकेक हलवून, कान लावून.

पुढच्या रविवारी पुन्हा बेल. काका. आता स्क्रीनवर स्वच्छ 'नमस्कार' आणि आडनाव, कंस नाही, काही नाही. काका खूश होते, पण जागचे हलेनात. मग मागे बघून हळूच म्हणाले, "२०३ वाल्याचा फोन पाहिला काल. त्याचं अजून तसंच आहे."

"त्यांनी ॲप अपडेट केलं नसेल. सांगतो त्यांना."

२०३ वाल्यांची गाडी गेली सहा वर्षं काकांच्या पार्किंगच्या रेषेवर वीतभर येते.

"नको," काका म्हणाले, "राहू दे त्याचं ऑप्शनल."