टायमरने उडी मारली म्हणून चलन माफ होत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. 'सिग्नल विचित्र वागत असेल तर तो बिघडलेला समजा. बिघडलेल्या सिग्नलवर कायदा लागत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढा, चलन आपोआप रद्द!' खाली चार पुरावे.

पहिला टायमरचा. लाल दिव्याचे आकडे 40 वरून एकदम 12 वर येतात, कधी मध्येच गायब होतात. म्हणे पावत्या फाडायला लावलेला सापळा. पण हा टायमर चालतो कसा? अनेक चौकांत तो दिव्यांच्या वायरवर जोडलेला वेगळा डबा असतो. दिवे बदलणारं यंत्र, म्हणजे कंट्रोलर, पुढे काय करणार हे त्याला ठाऊकच नसतं. मागच्या फेरीत लाल किती वेळ होता ते मोजून ठेवायचं आणि या फेरीत तिथून उलटं मोजत यायचं, एवढंच त्याचं काम. वेळा ठरलेल्या असतील तोवर हिशेब जमतो. एका बाजूला गर्दी तुंबली म्हणून मामांनी सिग्नल हाताने चालवायला घेतला, किंवा दुपारच्या वेळा संपून संध्याकाळच्या लागल्या, की आकडा चुकलाच. जिथे कॅमेरे किंवा सेन्सर गाड्यांचा अंदाज घेऊन हिरव्याची वेळ चालू फेरीतच कमीजास्त करतात, तिथे तर हिरवा नेमका कधी संपणार हे यंत्रणेलाही आधी सांगता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी आकडे बंद ठेवलेले दिसतात. शिवाय थांबायचं असतं ते दिव्यासाठी, आकड्यासाठी नाही. लालवर 3 दिसताच गाडी रेटणाऱ्यांना हे पटणार नाही, ते सोडा.

दुसरा पुरावा: पिवळा लुकलुकतोय म्हणजे सिग्नल बंद. बंद नाही. पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जायचं. लाल लुकलुकत असेल तर आधी थांबायचं, मग बघून जायचं. रात्री वाहनं कमी असतात तेव्हा तो मुद्दाम असा ठेवतात. कधी कारण वेगळं असतं. आडव्या येणाऱ्या दोन रस्त्यांना एकदम हिरवा मिळतोय असं कंट्रोलरच्या लक्षात आलं, तर तो स्वतःच सगळे दिवे लुकलुकते करतो. बिघाड झालाय खरा, पण तुम्ही त्यात चिरडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. सिग्नल पूर्ण विझला तरी नियम शिल्लक राहतातच: मुख्य रस्त्यावरच्या गाडीला आधी वाट, तसा रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. आणि पोलीस हात दाखवत असेल तर दिवा काहीही म्हणो, हात खरा.

तिसरा: दोन सेकंद चारी बाजूंना लाल. चौकात अडकलेली गाडी बाहेर पडावी म्हणून तो लाल ठेवलेला असतो. विषय संपला.

चौथा पुरावा लोकांना सगळ्यात पटलाय, कारण तो 'डोळ्यांनी दिसतो'. व्हिडिओत लाल दिवा विझतो, पेटतो, विझतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. आतल्या सर्किटने ती नीट सपाट केली नाही, तर एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा शटर मात्र क्षणभरच उघडतो आणि नेमका मंद क्षण टिपतो. खात्री करायची असेल तर बसच्या एलईडी पाटीचा व्हिडिओ काढा. मार्गाचं नाव अर्धवट, तुटकं दिसेल, कारण तिच्यातल्या ओळी आळीपाळीने पेटतात. बसमध्ये चढताना तुम्ही ते नाव पूर्ण वाचलेलं असतं.

खरे दोष असतात, नाही असं नाही. मावळतीचा सूर्य पाठीशी असला की जुन्या बल्बच्या सिग्नलमधल्या आरशावर ऊन पडून न पेटलेला दिवाही पेटल्यासारखा वाटतो. कुठे फांदी आड येते, कुठे ट्रकच्या धक्क्याने दिव्याचं तोंडच दुसरीकडे वळलेलं असतं. अशा वेळी आलेल्या चलनावर महाट्रॅफिक ॲपवरून तक्रार करता येते. पण ती करावी लागते, आपोआप काही रद्द होत नाही. स्टॉप लाइनवरून दिसणारा अख्खा खांब आणि चौक ओळखू येईल असा फोटो जोडा. तो गाडी बाजूला लावून काढा, कारण चालवताना फोन हातात दिसला तर त्याचं चलन वेगळं येतं.