वेशीबाहेरचा शूर

गेले तीन आठवडे मी एका राज्याच्या वेशीबाहेर घोड्यावर बसून आहे. आत राजा माझी वाट बघतोय. त्याच्यासाठी आणलेलं पत्र माझ्या झोळीत आहे आणि ते त्याच्या हातात पडल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. पण वेशीच्या आत मंडई आहे, मंडईत माणसं आहेत, आणि माणसं माझ्या प्रोसेसरला झेपत नाहीत.

वेशीबाहेर मी शूर आहे. जंगल म्हणू नका, डोंगर म्हणू नका, घोडा असा उधळतो की बघत राहावं. राक्षस एकटा आला तर त्याची खांडोळी, जोडीने आला तरी हरकत नाही. पण कमानीखालून घोड्याने पुढचा पाय उचलला की तो उचललेलाच राहतो. मग भाजीवाली दिसते, ती टोपलीशिवाय. टोपली मागाहून येते. पहारेकरी "कोण आहे?" असं ओरडतो आणि ओरडून झाल्यावर प्रकट होतो.

हा कॉम्प्युटरचा खोका मी गेल्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणला. (बायको त्याला खोकाच म्हणते. आत निळा दिवा लागतो म्हणून कधीकधी 'देवघर'.) दुकानदाराने मला एका नजरेत जोखलं. "साहेब, प्रोसेसरमध्ये काय ठेवलंय? पैसे ग्राफिक्स कार्डात टाका. गेम कार्डावर चालतो." स्वस्तात पडणारा सल्ला मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आलाय. चार कोअर, आठ थ्रेडचा प्रोसेसर घेतला, नावाच्या शेवटी 'एफ'. मला वाटलं, एफ म्हणजे फास्ट. पहिली संध्याकाळ काळ्या पडद्यासमोर गेली. शेवटी भाच्याला फोन केला. "मामा, एफ म्हणजे त्याला स्वतःचं चित्र काढता येत नाही. मॉनिटरची वायर मदरबोर्डातून काढ आणि कार्डात घाल." पोरगा दहावीत आहे.

मंडईचं कोडंही त्यानेच सोडवलं, पण ते माझ्या डोक्यात शिरलं पंगतीच्या रूपाने. ग्राफिक्स कार्ड म्हणजे आचारी, प्रोसेसर म्हणजे वाढपी. कुणाच्या पानात काय हवं हे वाढप्याने बघून आत सांगायचं, मग आचाऱ्याने करून द्यायचं. पडद्यावरचं प्रत्येक चित्र ही एक पंगत. सेकंदाला ६० पंगती उठवायच्या, म्हणजे एकीच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. जंगलातल्या पंगतीला मी, घोडा आणि राक्षस. वाढप्याला काम काय? मंडईत मात्र प्रत्येक माणूस कुठे निघालाय, कुणाला धडकणार, मला बघून दचकणार की नाही, हे सगळं दर चित्राला नव्याने ठरवायचं. चार कोअर म्हणजे वाढपी चार. आठ थ्रेड म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही हातांत पातेली, एवढंच. पातेली आठ झाली म्हणून माणसं आठ होत नाहीत.

हे कळण्याआधी मी काय काय केलं! सावल्या काढल्या. गवत उपटलं. नदीचं पाणी असं केलं की त्याला पाणी म्हणणं हा नदीचा अपमान. मंडई तेवढीच अडखळत राहिली, फक्त आता ती कुरूपही दिसू लागली. वैतागून सगळं कमाल पातळीवर नेलं, तर वेग तोच! आचारी मघापासून झाऱ्यावर हनुवटी टेकून रिकामा बसला होता. त्याला जिलब्या तळायला लावल्या काय आणि वरणभात लावायला लावला काय, खोळंबा वाढप्याकडे होता.

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं, तो आकडा दिसतो. सरासरी ५८. मी खूश. भाचा म्हणाला, "सरासरी नको बघू, सगळ्यात वाईट एक टक्का बघ." तो होता १७. पटलं. आमच्या सोसायटीच्या टाकीतही वर्षाची सरासरी काढली तर भरपूर पाणी असतं. मे महिन्यात नळाखाली बादली धरून सरासरी भरता येत नाही.

स्वस्त प्रोसेसरचे सुगीचे दिवस मी हुकवले. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ या गेमच्या यंत्रात कोअर आठ होते, पण १.६ गिगाहर्ट्झचे, तोळामासा प्रकृतीचे. मोठे गेम त्यांच्याच मापाने शिवले जायचे, म्हणून २०१७ साली आलेल्या दोन कोअरच्या स्वस्त पेंटियम जी४५६० प्रोसेसरवरही पोरं थाटात खेळली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला, आठ दमदार कोअर, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारे. शिंप्याने माप बदललं आणि आमचे सदरे काखेत उसवले.

अर्थात, दर वेळी दोष गरिबाचाच असतो असं नाही. जीटीए ऑनलाइन हा गेम सुरू व्हायला कित्येकांना मिनिटंच्या मिनिटं लागायची आणि लोक मुकाट्याने स्वतःच्या प्रोसेसरला शिव्या घालत. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने आत डोकावून बघितलं. गेममधल्या दुकानाची सुमारे १० एमबीची यादी एकच कोअर अत्यंत गचाळ पद्धतीने वाचत बसला होता. म्हणजे एक वाढपी मोडी लिपीत याद्या लावतोय आणि बाकीचे ओट्यावर तंबाखू मळतायत! त्याने दुरुस्ती केली, वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला, आणि गेमच्या कंपनीने, रॉकस्टारने, त्याला १०,००० डॉलर दिले. ही गोष्ट मी बायकोला दोनदा सांगितली आहे. "मग तुम्ही का नाही डोकावून बघत?" हा तिचा दोन्ही वेळचा प्रश्न.

भाचा मात्र सुखी आहे. तो व्हॅलोरंट नावाचा नेमबाजीचा गेम खेळतो. २०२० मध्ये तो गेम आला तेव्हा त्याच्या किमान गरजांच्या यादीत २००८ सालचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर होता. तिथे दोन्ही बाजू मिळून माणसं दहा. घरगुती सत्यनारायण. माझ्यासारखं लग्नघर काढायची त्याला हौस नाही.

तरी पोराने मामासाठी जीव टाकला. रॅमची एकच काडी लावलेली बघून कपाळावर हात मारला आणि दुसरी आणायला लावली. त्याने खरंच फरक पडला. ब्राउझरच्या एकोणीस टॅब मिटवल्या, त्यात विजेच्या बिलाच्या चार होत्या. मग गेमला सेकंदाला ४० चित्रांवर लगाम घातला. "जास्त पळून ठेचकाळण्यापेक्षा एका चालीने चालू दे." शेवटी सेटिंगच्या तळाशी त्याला 'गर्दी' नावाची एक पट्टी सापडली. त्याने ती ओढून डावीकडे, पार कडेला नेली.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी वेशीतून आत गेलो. घोडा थांबला नाही. मंडईत एक भाजीवाली, टोपलीसकट. राजवाड्याच्या पायऱ्या एका दमात चढलो. दरबार भरला होता, म्हणजे सिंहासनं, पताका, झुंबरं होती. माणसं सहा.

दाराला कडी घालायला आलेली बायको मागे थबकली. "अहो, एवढा मोठा राजा, आणि माणसं एवढीच? आमंत्रणं पोचली नाहीत का?"

मी पत्र दिलं. राजाने ते वाचलं, सावकाश उठला आणि तलवार उपसून म्हणाला, "वीरा, युद्ध अटळ आहे. उद्या पहाटे आपलं दहा हजारांचं सैन्य वेशीबाहेरच्या मैदानात जमेल."

मी गेम सेव्ह केला आणि खोक्यातला निळा दिवा मालवला.